भरलेल्या पास्त्यातील पाण्याचा हिशेब : वडगाव, बेळगाव येथील एक प्रकरण

बेळगावच्या वडगाव भागातील एका मराठी कुटुंबात श्रावणातल्या एका शनिवारी पालक-पनीर भरलेल्या कॅनेलोनीचा, म्हणजे पास्त्याच्या जाड नळ्यांचा, ट्रे ओव्हनमधून बाहेर आला. चव चांगली होती, रंगही सुरेख आला होता, पण पदार्थ पानात वाढण्याजोगा झाला नव्हता. पास्त्याच्या नळ्यांची उघडी राहिलेली टोके कडक होऊन दाताखाली मोडत होती, मधला भाग आतून कच्चा लागत होता आणि सारण कोरडे व रवाळ झाले होते. ट्रेच्या तळाशी मात्र हिरवट पाणी साचलेले होते. एकाच भांड्यात पाणी जास्तही होते आणि कमीही पडले होते, आणि या विसंगतीमुळेच मला हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले. भरून भाजलेल्या पास्त्याच्या बहुतेक तक्रारी, तो कडक झाला, गिजगोळा झाला, सॉस फुटला, सारण कोरडे पडले, या मुळाशी गेले तर पाण्याच्याच तक्रारी असतात, आणि तो हिशेब एकदा समजला की घरच्या साध्या ओटीजीमध्येही (छोट्या विजेच्या ओव्हनमध्येही) हा पदार्थ उत्तम होतो, असे माझे ठाम मत आहे.

घरातील माणसे आणि त्यांच्या अडचणी आधी सांगितल्या पाहिजेत, कारण उपाय त्यांच्यातूनच निघाले. घरात सासूबाई, मुलगा, सून आणि दोन नाती. थोरली नात पुण्याला शिकते. तिथे खाल्लेला हा पदार्थ आपल्या वाढदिवसाला घरी व्हावा, अशी तिची इच्छा होती. श्रावण असल्यामुळे घरात कांदा-लसूण बंद होता आणि अंडे तर या घरात कधीच येत नाही. शिवाय शेजारचे कुटुंब दिगंबर जैन असून वाढदिवसाला त्यांना बोलावणे ठरलेले होते. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती उभी आहे. जैन शेजार या गावाला नवा नाही आणि शेजारच्या घरचे चातुर्मासाचे नियम इथल्या मराठी बायकांना बऱ्यापैकी पाठ असतात. कंदमुळे नकोत, चातुर्मासात पालेभाजी नको, लोणी नको आणि जेवण सूर्यास्तापूर्वी व्हायला हवे. पालक भरलेला पास्ता त्यांना चालणार नव्हता, हे सुनेने पहिल्याच दिवशी ओळखले होते. वाढदिवस पुढच्या शनिवारी होता. बिघडलेला ट्रे ही त्याची तालीम होती. म्हणून काय चुकले हे शोधायला आठवडा हाताशी होता. या घरी माझे जाणे-येणे आहे आणि स्वयंपाक शिकवणे हे माझे काम आहे, त्यामुळे ट्रे तसाच ठेवून सुनेने मला बोलावले.

पहिल्या ट्रेचे साहित्य तिने नीट लिहून ठेवले होते, आणि त्याचा मोठा उपयोग झाला. बाहेरून मागवलेल्या २५० ग्रॅमच्या पाकिटातल्या सोळा कोरड्या नळ्या, प्रत्येकी साधारण दहा ग्रॅमची. सारणासाठी बाजारचे पनीर ३०० ग्रॅम, किसून. पालक ४०० ग्रॅम, उकळत्या पाण्यातून काढून हाताने दाबलेला. थोडे प्रोसेस्ड चीज, मीठ, मिरपूड. वर अर्धा लिटर म्हशीच्या दुधाचा, ६० ग्रॅम लोणी आणि ६० ग्रॅम मैदा घातलेला घट्ट व्हाइट सॉस, आणि तळाशी आटवून दाट केलेला टोमॅटोचा सॉस. ओटीजी २०० अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू, ट्रे वरच्या खाचेत, न झाकता २५ मिनिटे.

कोरड्या पास्त्यात पाणी फार थोडे असते. इटलीच्या कायद्याने त्याची मर्यादा १२.५ टक्के ठरवली आहे. असा पास्ता पूर्ण शिजताना स्वतःच्या वजनाच्या सव्वापटीच्या आसपास पाणी शोषतो. म्हणजे सोळा नळ्यांच्या १६० ग्रॅमला जवळपास २०० मिलिलिटर पाणी हवे, आणि नळ्या आधी उकडून घेतल्या नसतील तर ते सगळे सॉसमधूनच यायला हवे. पहिल्या ट्रेत पाणी नव्हते असे नाही. अर्ध्या लिटर दुधात म्हशीचे दूध धरूनही ४०० मिलिलिटरच्या वर पाणी असते. पण ६० ग्रॅम मैद्याने ते आधीच धरून ठेवले होते. मैद्यातला स्टार्च फुगून बसला की आपले पाणी दुसऱ्या स्टार्चला सहजासहजी देत नाही. घट्ट सॉसमध्ये बुडालेली कोरडी नळी म्हणूनच बाहेरून ओली दिसते आणि आतून कच्ची राहते.

सासूबाईंनी हे शास्त्राच्या भाषेत सांगितले नाही, पण निदान त्यांनीच सर्वांत आधी केले. नळीचा एक तुकडा चावून त्या सुनेला म्हणाल्या, “अगं, हे कच्चंच लागालंय. शेवया कमी पाण्यात टाकल्या की अशाच होतात बघ.” सुनेने विचारले, “पण आत्ती, खाली एवढं पाणी सुटलंय ते?” त्यावर त्यांचे उत्तर होते, “ते उशिरा सुटलं. शेवया टाकताना पाणी उकळतं लागतं, मागनं घालून काय उपयोग?” हे निदान अचूक आहे. तळाशी साचलेले पाणी पालकाचे होते. पालकात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि हाताने जरासे दाबून त्यातले थोडेच निघते. उरलेले भाजताना, मिठाच्या संगतीने, हळूहळू सुटते. ते नळीच्या फटीतून खाली उतरले तेव्हा भाजण्याची वेळ संपत आली होती आणि तळ सोडला तर नळ्यांचा कोणताही भाग त्या पाण्यात नव्हता.

सारण कोरडे का पडले, याचे कारण वेगळे आहे. इटलीत या नळ्यांत रिकोटा भरतात. चीज केल्यावर उरलेले पाणी पुन्हा तापवले की त्यातली उरलीसुरली प्रथिने मऊ कणांच्या रूपात वर येतात, आणि ते गोळा केले की रिकोटा होतो. रिकोटात पाण्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर असते. आपल्याकडच्या नियमानुसार पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, आणि वजनाखाली दाबलेल्या बाजारच्या पनीरमध्ये ते आणखी कमीही असू शकते. शिवाय पनीर उष्णतेने वितळत नाही. आम्लाने साकळलेले दूध तापवले की आणखी आवळते आणि पाणी बाहेर टाकते. त्यामुळे किसलेले पनीर नळीत भरून ओव्हनमध्ये ठेवले की त्याचे कण एकमेकांत मिसळून मलईदार होत नाहीत, ते रवाळच राहतात. पनीर हा वाईट पदार्थ नाही, परंतु या कामासाठी तो चुकीच्या टप्प्यावर थांबलेला पदार्थ आहे. दूध नासवल्यानंतर आणि दाबण्यापूर्वी जो मऊ, ओलसर चोथा हाती असतो, तोच इथे हवा.

तिसरी गोष्ट उष्णतेची. पुष्कळ घरांत असा समज असतो की पास्ता कच्चा राहिला तर ओव्हन वाढवावा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी १०० अंशांना न उकळता ९७-९८ अंशांनाच उकळते, आणि ट्रेमधला सॉस, जोवर त्यात पाणी आहे तोवर, यापलीकडे तापूच शकत नाही. ओटीजीची खुंटी २०० वर असो की २२० वर, सॉसमध्ये बुडालेली नळी ९७ अंशांतच शिजते. जास्तीची उष्णता फक्त वरचा भाग सुकवते आणि वाफ बाहेर घालवते. वरच्या खाचेत, तापलेल्या कॉइलच्या जवळ ठेवलेल्या उघड्या ट्रेचे नेमके हेच झाले. मोठ्या ओव्हनमध्ये कॉइल पदार्थापासून दूर असतात. आपल्या ओटीजीत हे अंतर जेमतेम काही बोटांचे असते, म्हणून परदेशी कृतीतली मिनिटे आणि अंश तसेच्या तसे उचलता येत नाहीत.

आठवड्यानंतरच्या ट्रेसाठी आम्ही नळ्या त्याच ठेवल्या, त्याच प्रकारचे दुसरे पाकीट मागवले आणि बाकीचे सगळे पाण्याच्या हिशेबाने बदलले.

दूध गवळ्याकडून गायीचे घेतले. म्हशीच्या दुधाचा चोथा घट्ट आणि चिवट होतो, गायीचा मऊ. दोन लिटर दूध उकळून खाली उतरवले, दहाएक मिनिटे निवू दिले, म्हणजे ते ८० अंशांच्या आसपास आले, आणि मग दोन लिंबांचा रस वाटीभर पाण्यात मिसळून पळीपळीने घातला. उकळत्या दुधात एकदम लिंबू पिळले की चोथा रबरासारखा होतो. इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. दूध फाटून हिरवट पाणी वेगळे झाले की ढवळणे थांबवायचे आणि भांडे झाकून ठेवायचे. ओल्या पंचातून गाळून चोथा वीस-पंचवीस मिनिटे टांगून ठेवला, दाबला नाही. मिळालेला चोथा ४०० ग्रॅमच्या आसपास भरला. त्यातला तीन चतुर्थांश पालकाच्या सारणासाठी, उरलेला शेजाऱ्यांच्या ट्रेसाठी. खाली गळलेले पाणी टाकून दिले नाही. त्यात विरघळलेली प्रथिने आणि दुधातली साखर असते, किंचित आंबटपणा असतो, आणि सॉस पातळ करायला याहून चांगले पाणी स्वयंपाकघरात नसते.

पालक या वेळी पाण्यात घातलाच नाही. धुऊन निथळलेली पाने कोरड्या कढईत टाकून, झाकण न ठेवता, मऊ पडेपर्यंत परतली, निवल्यावर पंचात बांधून दोघींनी दोन बाजूंनी पिळली आणि मग बारीक चिरली. ४०० ग्रॅमचा पालक पिळल्यावर दोनशे ग्रॅमच्याही आत आला. चोथा, पालक, मिरपूड, किसलेले चीज आणि भरपूर जायफळ एकत्र केले. जायफळ हा या सारणाचा प्राण आहे. इटलीतही पालक-रिकोटाच्या सारणात ते असतेच आणि आपल्याकडे पुरणात, हुग्गीत असते, त्यामुळे घरातल्या कोणालाही ते परके वाटले नाही. मीठ मात्र भरण्याच्या अगदी आधी घातले, कारण मिठाने पालकाचे उरलेले पाणी सुटू लागते.

चीजबद्दल थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण शाकाहारी म्हणवणाऱ्या अनेक पास्त्यांत इथेच गफलत होते. पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना परिसरातले अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध साकळवणाऱ्या रेनेटनेच करावे, असा त्याचा नियम आहे. ते शाकाहारी नाही. ग्राना पादानो या तशाच चीजमध्ये अंड्यातून काढलेले लायसोझाइम हे प्रथिनही वापरले जाते. मोठ्या शहरातून कोणी प्रेमाने महागडे चीज आणले तरी शाकाहारी घराने पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच ते वापरावे. अंड्याचेही तसेच. ताज्या पास्त्यात पुष्कळदा अंडे असते. ड्युरम या कठीण दाण्याच्या गव्हाच्या रव्याच्या कोरड्या नळ्या सहसा फक्त रवा आणि पाण्याच्या असतात, पण तेही पाकिटावर वाचून खात्री करण्यासारखे आहे. या घरी हिरव्या ठिपक्याचे साधे प्रोसेस्ड चीज वापरले, ते सारणात ५० ग्रॅम आणि वरून थोडे.

सॉसमध्ये सर्वांत मोठा बदल झाला. व्हाइट सॉस ६०० मिलिलिटर दुधाला ३० ग्रॅम लोणी आणि ३० ग्रॅम मैदा, म्हणजे पळीला जेमतेम पातळ थर धरेल इतकाच दाट. टोमॅटो पाऊण किलो, उकडून, सोलून, चाळणीतून गाळून, तेलात मिरपूड आणि चिमूटभर साखर घालून दहाच मिनिटे शिजवले आणि त्यात चोथ्याचे पाणी २०० मिलिलिटर घातले. कांदा-लसूण नसल्यामुळे हा सॉस अळणी लागेल अशी सुनेला भीती होती. पिकलेले टोमॅटो आणि चांगले तेल असेल तर कांद्याची उणीव भासत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि ज्याला ती भासते त्याने टोमॅटो बदलून पाहावेत. दोन्ही सॉस पास्ता रचेपर्यंत गरम ठेवले. गव्हाचा स्टार्च साठ अंशांच्या आसपास पाणी घेऊन फुगू लागतो. सॉस गरम असेल तर नळी ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच भिजू लागते, थंड असेल तर पहिली पंधरा मिनिटे नुसती ट्रे तापण्यात जातात.

नळ्या भरायला दुधाची रिकामी प्लास्टिकची पिशवी धुऊन, पुसून, कोपरा कापून वापरली. एका नळीत साधारण तेहतीस ग्रॅम सारण, दोन्ही टोकांना दाण्याएवढी जागा सोडून, कारण नळी आणि सारण दोन्ही फुगतात आणि ठासून भरलेली नळी लांबीत चिरते. ३० बाय २० सेंटिमीटरच्या ट्रेच्या तळाशी निम्मा टोमॅटो सॉस, त्यावर नळ्यांचा एकच थर, मग उरलेला टोमॅटो सॉस आणि त्यावर व्हाइट सॉस, एकही टोक उघडे राहणार नाही असा. टोमॅटोच्या आंबटपणाने दूध फुटेल अशी शंका सासूबाईंनी काढली आणि ती रास्त होती. पण मैदा घालून शिजवलेले दूध सहज फुटत नाही, स्टार्च प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. वरून ॲल्युमिनियम फॉइल कडेने घट्ट दाबून बसवले. ओटीजी १८० अंशांवर आधी तापवलेला, ट्रे सर्वांत खालच्या खाचेत, ४० मिनिटे. त्यानंतर फॉइल काढून, चीज भुरभुरून, ट्रे मधल्या खाचेत आणि फक्त वरची कॉइल, आठ-दहा मिनिटे. पदार्थ झाला की नाही ते रंगावरून ठरवायचे नाही. पातळ सुरी मधल्या नळीत खुपसून पाहायची. ती न अडता आरपार गेली पाहिजे. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे हात लावायचा नाही, कारण याच वेळात मोकळा असलेला सॉस नळ्यांत आणि सारणात मुरतो आणि तुकडा उलथन्यावर सुटा उचलता येतो.

विजेचेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात वडगावात वीज जाते-येते. झाकलेला ट्रे ओव्हनमध्ये असताना वीज गेली तर दार उघडू नये. आत साठलेल्या उष्णतेवर शिजणे काही वेळ चालूच राहते आणि वीज आल्यावर तेवढा वेळ वाढवून दिला की भागते. ओटीजी पंधराशे वॉटचा असेल तर त्याला साडेसहा अँपिअर वीज लागते, म्हणजे पंख्या-दिव्याचा सहा अँपिअरचा पॉइंट त्याला पुरत नाही. गिझरच्या मोठ्या पॉइंटवर लावावा.

शेजाऱ्यांचा ट्रे हा या प्रकरणाचा मला सर्वांत आवडलेला भाग. त्यात पालेभाजी नव्हती, चीज नव्हते आणि लोणीही नव्हते. सुनेने आधी जाऊन विचारून घेतले, “काकी, टोमॅटो चालतो ना तुम्हाला? आणि चीज?” काकींनी टोमॅटोला होकार दिला आणि चीजला नकार, शिवाय दूध त्याच दिवशीचे आणि पाणी गाळलेले असावे, असे सांगितले. पालकाच्या जागी लाल भोपळा घेतला. हा केवळ सोयीचा पर्याय नाही. उत्तर इटलीतल्या मांतोव्हा आणि फेरारा भागांत भोपळा भरलेल्या पास्त्याची जुनी परंपरा आहे. भोपळ्यातही पाणी पुष्कळ, म्हणून तो उकडला नाही. मोठ्या फोडी करून ओटीजीतच भाजल्या, गर काढून कढईत कोरडा होईपर्यंत परतला आणि त्यात बाजूला ठेवलेला शंभर ग्रॅम चोथा, सुंठ, मिरपूड, जायफळ आणि मीठ घातले. ओले आले कंद म्हणून चालत नाही, सुंठ चालते. व्हाइट सॉस तुपावर केला. लोण्यात थोडे पाणी असते, तुपात नसते. म्हणून ३० ऐवजी २५ ग्रॅम तूप पुरले आणि मैदा त्यात अधिक नीट भाजला गेला. खरे तर तुपातल्या सॉसचा वास मला लोण्यातल्यापेक्षा अधिक आवडला. उरलेल्या आठ नळ्या एका चौकोनी केकच्या भांड्यात बसल्या. चीज नसल्यामुळे वर रंग यावा म्हणून कोरड्या रव्यात थोडे तूप चोळून ते भुरभुरले. ऑगस्टमध्ये बेळगावला सूर्य सातच्या थोडे आधी मावळतो. म्हणून हा ट्रे दुपारी साडेचारला पहिला आत गेला, वेगळ्या डावाने वाढला गेला आणि सहा वाजता सगळे एकत्रच जेवायला बसले, घरच्यांचा मोठा ट्रे मागोमाग येईपर्यंत भोपळ्याच्या नळ्या सर्वांनी चाखल्या होत्या. थोरल्या नातीला पालकापेक्षा भोपळाच अधिक आवडला.

दुसरा ट्रे जमला हे त्याच दिवशी ठरले, पण प्रकरण तिथे संपले नाही, कारण नळ्यांचे पाकीट बेळगावच्या किराणा दुकानात सहज मिळत नाही आणि दर वेळी बाहेरून मागवणे सासूबाईंना पटले नाही. त्यांचा प्रश्न होता की ज्या गव्हाच्या या नळ्या, तो गहू आपल्याकडे होत असताना पाकीट कशाला. प्रश्न अगदी योग्य होता. बन्सी गहू म्हणजे ड्युरमच. विजयपूर, बागलकोट, धारवाड आणि बेळगावच्या काळ्या जमिनीत तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे आणि रविवार पेठेत बन्सी रवा मागितला की कोणीही देतो. दक्षिण इटलीतला पुष्कळसा पास्ता अंड्याविना, फक्त अशाच रव्याचा आणि पाण्याचा असतो. सासूबाई मांडे करणाऱ्या पिढीतल्या. पातळ लाटणे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

बन्सी रवा घरघंटीवर आणखी बारीक करून चाळला. ३०० ग्रॅम रव्याला १५० मिलिलिटर कोमट पाणी आणि मीठ घालून घट्ट भिजवले, दहा मिनिटे तिंबले आणि ओल्या फडक्याखाली चाळीस मिनिटे ठेवले. ही विश्रांती टाळता येत नाही. रव्याच्या कणात पाणी पोहोचायला पिठापेक्षा जास्त वेळ लागतो आणि घाईत लाटलेली पोळी कडेने फाटते. पीठ पोळीच्या कणकेसारखे सैल करायचा मोह सासूबाईंना झाला, तो आवरावा लागला. पातळ लाटून १० बाय १२ सेंटिमीटरचे तुकडे कापले, खारट उकळत्या पाण्यात दोन मिनिटे उकडले, ओल्या पंचावर पसरले आणि सारण ठेवून गुंडाळले, जोड खाली येईल असे. इथे हिशेब उलटतो. उकडलेल्या पोळीने पाणी आधीच घेतलेले असते, म्हणून टोमॅटो सॉसमध्ये चोथ्याचे पाणी घालायचे नाही, व्हाइट सॉसला ६०० मिलिलिटरला ४५ ग्रॅम मैदा द्यायचा आणि झाकून वीस मिनिटे, उघडे दहा मिनिटे एवढेच भाजायचे. कोरड्या नळ्यांचे प्रमाण इथे वापरले तर लगदा होईल. पाककृती लिहिणारे पुष्कळ जण “कॅनेलोनी किंवा ताज्या पोळ्या” असे एका ओळीत लिहून मोकळे होतात, ते मला अजिबात मान्य नाही. या दोन पूर्णपणे निराळ्या कृती आहेत.

खपली गव्हाचाही प्रयोग झाला. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने डीडीके १०२५ आणि डीडीके १०२९ असे खपलीचे वाण दिले आहेत आणि या पट्ट्यात खपलीच्या शेवया व हुग्गी घरोघरी होतात. पण खपलीचे ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, दुबळे असते. नुसत्या खपलीची पातळ पोळी उकडताना तुटली. तीन भाग बन्सी आणि एक भाग खपली या प्रमाणात पोळी टिकली, रंग तांबूस आला आणि चवीला खमंगपणा आला. भोपळ्याच्या सारणाला ती विशेष शोभते. या घरात आता पालकासाठी शुद्ध बन्सी आणि भोपळ्यासाठी हे मिश्रण, असे ठरून गेले आहे.

उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी गरम करताना तोच हिशेब पुन्हा लागतो. फ्रिजमध्ये स्टार्च घट्ट होतो आणि सॉस आटल्यासारखा दिसतो. ट्रेच्या कडेने चार-पाच चमचे दूध सोडून, फॉइल लावून १५० अंशांवर वीस मिनिटे ठेवले की सारण पुन्हा मऊ होते. गॅसवर करायचे असेल तर जाड बुडाच्या कढईत, झाकण ठेवून, मंद आचेवर करावे आणि दूध थोडे जास्त घालावे, कारण तिथे वाफ अधिक निसटते. जैन शेजाऱ्यांकडे मात्र उरलेले पाठवू नये. त्यांच्याकडे रात्र उलटलेले अन्न घेत नाहीत, म्हणून त्यांच्या ट्रेत नळ्या मोजूनच भराव्यात.